देव बघेल म्हणायचं, मग आपण काय बघायचं?

पोफळवाडी

मंडळी, इथे मी बरीच वर्षं नुसती वाचक. आज लिहिते आहे, कारण घरात या विषयाचा बोलून बोलून चोथा झालाय आणि आता आम्ही तिघं एकमेकांशी जेवणाखाण्यापुरतंच बोलतो.

दापोली तालुक्यात किनाऱ्याला लागून आमची नारळी-पोफळीची वाडी. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दुपारच्या काही तासांत ती आडवी झाली. आजेसासऱ्यांनी लावलेले माड मुळासकट उपटले, पोफळी मधोमध मोडल्या. भरपाई आधी हेक्टरावर ठरली होती. आमच्याकडे जमिनी गुंठ्यांत, हेक्टर कुणाकडे आहे? ओरड झाल्यावर मग झाडामागे मिळाली, माडाला 250 रुपये आणि पोफळीला 50. पोफळ लावली की सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात. बाणवली माडाचंही तसंच. तरी पुन्हा लावली. आता कुठे काही पोफळींना पोय, म्हणजे फुलोरा, दिसायला लागली आहे, आणि नेमकी आत्ताच मुंबईची एक पार्टी दारात उभी आहे. त्यांना रिसॉर्ट करायचंय. मुलाचं इंजिनीअरिंग, सोसायटीचं कर्ज, घराचं गळकं छप्पर, सगळं एका सहीत सुटेल एवढी रक्कम सांगतात.

सासूबाई म्हणतात, ग्रामदेवतेला कौल लावा, ती सांगेल तसं करा. हे म्हणतात, "देव बघेल." पार्टीचा फोन आला तरी देव बघेल, सोसायटीची नोटीस आली तरी देव बघेल, मुलाने फीची तारीख सांगितली तरी देव बघेल.

मी देव मानते. रोज तिन्हीसांजेला दिवा लावते, घरच्या गणपतीचं सगळं मीच करते. पण हल्ली "देव बघेल" ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. आणि मग रात्री वाटतं, माझीच श्रद्धा कमी पडते की काय. पुढचं काहीच दिसत नसताना देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय? कुणी जगलं असेल तर सांगा. "सकारात्मक राहा" एवढं मात्र कृपा करून नको, ते व्हॉट्सॅपवर रोज येतं.

परळचा_चाकरमानी

वहिनी, काही झालं तरी जमीन विकू नका. एकदा गेली की गेली. आमच्या गावात तीन वाड्या गेल्या, आता तिथे तारेचं कुंपण आणि आत स्विमिंग पूल. लहानपणी ज्या पाणंदीने समुद्रावर जायचो, ती वाटच बंद. देवाने दिलेली जागा आहे, देवच राखेल.

पोफळवाडी

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्या सात-बारावरचे मुंबईचे चुलत दीरसुद्धा हेच म्हणतात. गणपतीला येतात, शहाळी पितात आणि जमीन विकू नका म्हणून सांगून जातात. वाडी शिपायला एप्रिल-मेमध्ये कुणी येत नाही. पंपाचं बिल कुणी भरत नाही.

परळचा_चाकरमानी

😀 लागलं, पण खरं आहे. गप्प बसतो.

बंदरावरचा

ताई, मी हर्णै बाजूचा, घरात तीन पिढ्या मासेमारी. शिकलेला फार नाही, पण या प्रश्नावर आम्हाला बोलायचा थोडा हक्क आहे.

1 जून ते 31 जुलै बंदी. दोन महिने बोट वर ओढलेली, कमाई शून्य, खलाशांना दिलेली उचल अंगावर. पुढच्या हंगामात मासळी लागेल की नाही हे कुणाच्या बापाला ठाऊक नसतं. बांगडा एखाद्या वर्षी एवढा येतो की भाव पडतो, एखाद्या वर्षी जाळं रिकामं. अशात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ घालतो. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, फार भाविक माणूस, नारळ सोडताना डोळ्यात पाणी येतं त्याच्या. आणि तोच माणूस त्यानंतर वायरलेस तपासतो, डिझेल मोजतो, बर्फ किती टन भरला ते स्वतः बघतो, लाइफ जॅकेटं मोजतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बोट काढत नाही. म्हणून दर्यावर तुझा विश्वास नाही, असं त्याला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आता दुसरी बाजू. काही मालक बावटा असतानाही बोट काढायला लावतात. का? डोक्यावर कर्ज, हप्ता थकलेला. तोंडाने म्हणतात "देव तारेल". आत बघितलं तर देव नसतो, भीती असते. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं तेव्हा आमच्या घरातला एक माणूस गेला. त्याला जबरदस्तीने कुणी पाठवलं नव्हतं, वादळाची खबरच वेळेत पोचली नव्हती, म्हणून त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण तेव्हापासून घरात "देव तारेल" हे शब्द कुणी उच्चारले की आई विचारते, "बावटा बघितलास का?"

तुमचे यजमान "देव बघेल" म्हणतात तेव्हा रागवू नका, जरा नीट ऐका. वादळाच्या दिवशी ते घरीच होते ना? डोळ्यांदेखत वाडी पडलेली बघितली असेल तर तो माणूस घाबरलेला आहे. पुरुषमाणूस भीती वाटते असं म्हणत नाही, मग देवाचं नाव घेतो. माझं चुकत असेल तर सोडून द्या.

पुराव्याने_बोला

मी नास्तिक आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो, कारण प्रश्न प्रामाणिक आहे.

कौलाच्या पाकळ्या पाण्याने दगडाला चिकटवलेल्या असतात. कुठली आधी पडेल हे पाणी किती, पाकळी किती जाड, दगड कुठे गुळगुळीत, वारा कुठून यावर ठरतं. यावर आयुष्यभराचा जमिनीचा व्यवहार सोडणं म्हणजे नाणं उडवणं. आणि बंदरावरच्या दादांनी जे लिहिलं त्यात नारळ बाजूला काढला तर काय उरतं? हवामानाचा इशारा, वायरलेस, लाइफ जॅकेट. बोट त्यानेच परत येते. मग नारळाला श्रेय कशाला?

आणखी एक. अशा अडचणीत सापडलेल्या घराचा वास काही लोकांना लांबून लागतो. आमच्या नात्यातल्या एका घरात "वाडीवर करणी आहे" म्हणून एका देवऋषाने बरेच पैसे काढले. 2013 पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात असल्या लोकांवर गुन्हा नोंदवता येतो. सासूबाईंचा कौल गावच्या देवळात, गुरवाकडे असेल तर निदान खिसा तरी सुरक्षित आहे. बाहेरून कुणी "उपाय" सांगायला आला तर चहा पाजून वाटेला लावा.

बंदरावरचा

नारळ बाजूला काढून बोट परत येते, मान्य. पण नारळाशिवाय आमचे खलाशी बोटीवर चढत नाहीत, हे पण बघायला या कधीतरी.

पुराव्याने_बोला

ते मानसशास्त्र झालं, देव नव्हे.

बंदरावरचा

तुम्ही त्याला काय म्हणता ते म्हणा. मला चार वाजता बंदरावर जायचंय.

कुडाळचो_झिल

पोफळवाडी ताई, मालवणीत लिवतंय, समजान घेवा.

कौल म्हणजे भविष्य नाय. आमच्या देवळात कोणी येवन इचारल्यान, "देवा, माका नोकरी लागतली काय?" तर म्हातारो गुरव त्येकाच इचारता, "अरे, तू अर्ज केलंस काय? नाय मा? मग अर्ज करू काय, असा इचार." होतला काय, ह्या इचारूचाच नाय. करू काय, इतक्याच इचारूचा. उजवो कौल इलो तर देवान पाठीवर हात ठेवलो. पुढचा काम आपला. डावो इलो तर थांबाचा, परत घरात बसान बोलाचा.

बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी रागावतील.

नास्तिक दादांची पाकळीची गोष्ट मला मान्य आहे. पण त्यांनी कौल लागताना देवळात कोण कोण बसलेलं असतं ते सांगितलं नाही. आमच्याकडे मानकरी असतात, भाऊबंद असतात, ज्यांचं वाकडं आहे तेही असतात. प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावा लागतो. जमिनीचा प्रश्न असेल तर हिस्सेदार समोर असतात. घरात दाबून ठेवलेली अर्धी भानगड तिथेच बाहेर येते, पाकळी पडायच्या आधी. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा घ्या. तिची तारीख पंचांगात छापलेली नसते, कौल घेऊन ठरते. पुढच्या वर्षीची तारीख कुणालाच माहीत नसते आणि तरी जाहीर झाली की मुंबईत रेल्वेच्या बुकिंगला झुंबड उडते. आचऱ्याला तर रामेश्वराच्या कौलाने अख्खं गाव दर काही वर्षांनी घरदार सोडून तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. म्हाताऱ्यांपासून गुराढोरांपर्यंत सगळे. माहीत नाही, पण आपलं घर आपल्या हातात नाही याची सवय करून घेण्याची ती रीत असेल, असं मला आपलं वाटतं. संशोधकांनी वेगळं काही लिहिलं असेल.

आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेलं मागणं. गाऱ्हाणं घालणारा कधी एकट्यासाठी मागत नाही. गावात असलेले, मुंबईला गेलेले, परदेशात असलेले, लेकरंबाळं, गुरंढोरं, जाणते-अजाणते, सगळे त्यात येतात. आणि सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. ताई, तुमच्या घरात तिघंजण तीन खोल्यांत बसून तीन वेगळ्या देवांशी बोलताय असं मला वाचताना वाटलं. आगाऊपणा वाटला तर माफी.

सावित्रीकाठ

मला या सगळ्या चर्चेत एक खटकतं. सगळे जण असं बोलतायत की नीट भरवसा ठेवला, नीट कामं केली, तर निभावतंच.

मी महाड तालुक्यातली. 22 जुलै 2021 ला तळीयेत दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या घरांत देव्हारे नव्हते? आदल्या आषाढी एकादशीला, म्हणजे दोनच दिवस आधी, त्यांनी उपास केले नव्हते? कुणाची श्रद्धा कमी पडली होती, सांगा. माझ्या घरातही एक मोठं आजारपण झालं. नवस बोलले, पथ्यं पाळली, औषधं वेळेवर दिली, सगळं केलं. माणूस राहिला नाही.

मी देव सोडलेला नाही. पण "देव आपल्याला सोडवेल" या आशेवरचा भरवसा माझा संपला. आता देवळात जाते तेव्हा काही मागत नाही. बसते. कधी भांडते. पहिलं वर्ष तर नुसतीच भांडत होते. आमचे पुजारीकाका म्हणाले, "भांड, ऐकायला तोच आहे." त्यांनी प्रवचन दिलं असतं तर मी परत गेले नसते.

पोफळवाडी, तुम्ही वाडी ठेवलीत तर पुन्हा वादळ येऊ शकतं. विकलीत तर पैसे उडू शकतात. देव यातलं काही टाळेल असं धरून ठरवू नका. एवढंच.

एकतारी

सावित्रीकाठ ताई, तुमच्या पोस्टवर काय लिहावं सुचत नाही. नमस्कार.

एक आठवलं ते सांगतो. आपण तुकोबांचे अभंग निवांत सुखी माणसाने लिहिल्यासारखे गातो. पण 1630 च्या आसपासच्या दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. त्यानंतर सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, निघाली तेव्हा धाकट्या भावाला म्हणाले, तुझी अर्धी तू ठेव, आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. मला यात भाऊ फार महत्त्वाचा वाटतो. कान्होबाच्या वाट्याची खतं त्यांनी बुडवली नाहीत. स्वतःचा भरवसा दुसऱ्याच्या ताटावर लादला नाही. आणि नवसाने पोरं होतात म्हणणाऱ्यांना तर त्यांनी फटकारलेलंच आहे.

पोफळवाडीच्या यजमानांनी "देव बघेल" म्हणताना मुलाची फीही त्याच खात्यात टाकली आहे, ते मला बरोबर वाटत नाही. स्वतःपुरतं म्हणा.

पुराव्याने_बोला

सावित्रीकाठ यांच्या पोस्टनंतर मी माझा वाद इथे थांबवतो. तळीयेबद्दल एकच: धोकादायक डोंगरउतारावरच्या वाड्या आधी हलवणं हे माणसांचं काम होतं. त्याला "देवाची इच्छा" म्हणून कुणी सुटका करून घेऊ नये.

सावित्रीकाठ

यावर आपलं एकमत आहे.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. त्याच दिवशी, 22 जुलैला, आमची बाजारपेठ पाण्याखाली होती. दुकानातला सगळा माल गेला. 2005 ला पण गेला होता, तेव्हा वडील होते. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा आत फक्त चिखल आणि फ्रीज आडवा. त्या गणपतीला दुकानात रंगसुद्धा लावून झाला नव्हता, तरी मूर्ती बसवली. लोक विचारायचे, यंदा कशाला?

कशाला ते मला सांगता येत नाही. पण आणखी एक घडलं ते सांगतो. त्या डिसेंबरात वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणची माणसं साखळी उपोषणाला बसली. मीही बसलो. शेजारी बसलेले एक काका रोज सकाळी देवळात जाऊन, कपाळाला अंगारा लावून मंडपात यायचे. मी एकदा विचारलं, काका, देवाला सांगितलंत ना, मग इथे कशाला? म्हणाले, "देवाला सांगितलं म्हणूनच. आता सांगून घरी बसलो तर उद्या तोंड कसं दाखवू त्याला?" नंतर गाळ काढायला यंत्रं आली. पुरेसा निघाला का, यावर चिपळुणात दोन माणसांचं एकमत होणार नाही.

दरवर्षी जुलैत पाऊस लागला की आजही झोप लागत नाही. माल वरच्या माळ्यावर हलवतो. हलवताना रामरक्षा म्हणतो. एकाने दुसरं कमी होत नाही एवढाच माझा अनुभव.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका देवावरून दुसऱ्या देवावर घसरू नये. धागा चांगला चाललाय, तसाच राहू द्या.

दाभोळ_खाडी

काय उडवलं ते मी आधीच वाचलं होतं 😀 असो. आम्ही कोकणी मुसलमान, मी दाभोळ खाडीच्या बाजूचा. पोफळवाडी ताईंचा प्रश्न आमच्या घरातलाही आहे, म्हणून लिहितो.

2 ऑगस्ट 1990. इराकने कुवेत घेतलं तेव्हा अब्बा तिथे होते. आमच्या भागातली कितीतरी घरं तेव्हा आखाती पैशावर उभी होती, आजही आहेत. फोन बंद, पत्र बंद, पगार बंद. मी शाळेत होतो. दादी पाच वेळा नमाज पढायची, जानमाजवरून, म्हणजे नमाजाच्या चटईवरून, उठायलाच मागायची नाही. पण तीच दादी मला रोज पोस्टात पाठवायची, काही आलंय का बघ म्हणून. गावातल्या शिकलेल्या माणसाकडून मुंबईला अर्ज लिहून घ्यायची, अब्बांच्या पासपोर्टच्या नंबरासकट. अम्मीने बांगड्या काढून वाण्याचं बिल भागवलं. त्या वर्षी सरकारने 1 लाख 70 हजारांहून जास्त भारतीयांना बाहेर काढलं, जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानं येत होती. त्यात अब्बा आले. बरोबर एक पिशवी. इतक्या वर्षांच्या कमाईची एक पिशवी.

आता ऐका. ते दोन वर्षांत परत गेले. दादी नको नको म्हणत होती. तेव्हा आमच्या मौलवीसाहेबांनी ती हदीस सांगितली. एक जण पैगंबरांना विचारतो, उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू की बांधून? ते म्हणतात, आधी बांध, मग भरवसा ठेव. दादी म्हणाली, "आपल्याकडं उंट कुठाय? होडी बांध म्हणायचं." अब्बा या वेळी गेले ते पगाराचा अर्धा भाग दरमहा इथल्या बँकेत पाठवायचा असं ठरवून.

पुराव्याने_बोला साहेबांना एक सांगतो. दादीच्या दुवेने विमान आलं असं मी म्हणत नाही. पण ती जानमाजवर नसती तर पोस्टात जायची ताकद तिच्याकडे राहिली नसती, हे मी त्या घरात राहून पाहिलंय.

माडाखाली

कृषी खात्यातून निवृत्त आहे, आयुष्य दक्षिण कोकणात गेलं. अध्यात्मावर बोलणारे इथे माझ्याहून जाणते आहेत, मी आपलं जमिनीवरचं बोलतो. पण एक आधी. जमीन विकणं म्हणजे अश्रद्धा आणि ठेवणं म्हणजे श्रद्धा, हे डोक्यातून काढून टाका. मी दोन्ही बघितलंय: भीतीपोटी ठेवलेल्या वाड्या आणि पूर्ण विचाराने, शांतपणे विकलेल्या वाड्या.

पार्टीला आधी विचारा, परवानगी कुठवर आली. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारी, 2019 ची अधिसूचना आहे. ग्रामीण किनाऱ्यावर दाट लोकवस्ती नसेल तिथे भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र धरतात, दाट असेल तिथे 50 मीटर. तुमची वाडी यात किती येते ते नकाशावर बघून घ्या. टोकन देऊन उरलेले पैसे "परवानगी आल्यावर" असा करार असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. आणि सात-बारावर चुलत दीर आहेत म्हणता, मग त्यांच्या सह्यांशिवाय तुमच्या हिश्श्याचं सुटं काही होणं अवघड. म्हणजे ती "एक सही" एक नाहीच.

ठेवायची असेल तर नुसत्या पोफळी-माडावर बसू नका. दोन माडांच्या मधल्या जागेत काळी मिरी, जायफळ, दालचिनी लावून उत्पन्न घेता येतं. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने "लाखी बाग" म्हणून हीच पद्धत लोकांपुढे ठेवली आहे. जायफळालाही वर्षं लागतात, पण मिरीचा वेल लवकर पैसे देतो आणि दालचिनीची साल काही वर्षांत काढता येते. एक पीक गेलं तरी दुसरं उभं राहतं. नारळाच्या झाडांसाठी नारळ विकास मंडळाची विमा योजना आहे, तिची चौकशी करा. वादळाआधी आमच्या ओळखीतल्या फार थोड्यांनी काढला होता.

वाऱ्याच्या बाजूला सुरूच्या झाडांचा पट्टा होता का तुमच्याकडे?

पोफळवाडी

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, नाहीतर रडू येईल.

माडाखाली काका, सुरूचा पट्टा होता, पण तोही त्याच दिवशी गेला. नंतर लावला नाही कुणी. परवानगीचं पार्टीला विचारलं. "ते आमच्यावर सोडा" म्हणाले. करार दाखवा म्हटल्यावर चार दिवस फोन नाही.

यांना धागा वाचून दाखवला. बंदरावरच्या दादांचं आलं तेव्हा उठून वाडीत गेले. राग आला की पटलं, कळलं नाही. रात्री जेवताना आपणहून एवढंच म्हणाले की त्या दिवशी पोफळी मोडतानाचा आवाज अजून कानात येतो. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. वादळानंतर कुणी कुणाशी बोललंच नाही, नुसते ओंडके उचलत होतो.

कौलाचं ऐका. सासूबाईंनी गुरवांना बोलावलं. ते आले आणि कुडाळच्या भावाने लिहिलंय अगदी तसंच विचारलं, "प्रश्न काय घालू?" सासूबाई म्हणाल्या, वाडी राहील का विचारा. हे म्हणाले, पार्टी खरी की खोटी ते विचारा. मी म्हटलं, मुलाच्या फीसाठी वाडीचा एक तुकडा द्यावा का ते विचारा. गुरव हसले. म्हणाले, तिघांनी एक प्रश्न ठरवा आणि मुंबईच्या भावांनाही बोलावून घ्या, मग पाकळ्या लावू, देवी कुठे जात नाही. दक्षिणासुद्धा घेतली नाही. चुलत दिरांना फोन केलाय. येत्या रविवारी दोघं येणार आहेत, गणपतीशिवाय पहिल्यांदाच.

मुलाच्या फीचा पहिला हप्ता माझ्या बांगड्यांवर. दाभोळच्या भावाच्या अम्मीचं वाचल्यावर मला त्याचं फारसं काही वाटेना.

सावित्रीकाठ ताई, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. कधी दापोलीकडे आलात तर घरी या.

सावित्रीकाठ

येईन. सासूबाईंना सांगा, भांडणारी एक भक्त येतेय.

परळचा_चाकरमानी

गप्प बसतो म्हणालो होतो, तरी विचारतो. त्या चुलत दिरांना रविवारी पंपाचं बिल दाखवणार का?

पोफळवाडी

फाईल काढून ठेवली आहे.

माडाखाली

मिरीची रोपं लावायची असतील तर पावसाच्या तोंडावर लागतील. दापोलीच्या विद्यापीठात किंवा रत्नागिरीजवळ भाट्येच्या नारळ संशोधन केंद्रात चौकशी करा, मागणी फार असते, आधी नोंदवलेलं बरं. आणि 2025 ला पाऊस मेमध्येच उभा राहिला होता हे लक्षात ठेवून खड्डे आत्ताच काढून घ्या. निर्णय काहीही होवो, खड्डे काढायला कौल लागत नाही.

कुडाळचो_झिल

काका, आमच्याकडे लागता 😀